थकवा किती, जाग किती? दीर्घ थकव्याच्या आजारात मोजमाप करताना पडणारे प्रश्न

मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस, असलेले लोक आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. कोविड, डेंगी किंवा चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने न हटलेल्या थकव्यालाही यातली बरीचशी पद्धत लागू पडते. सगळं एका बैठकीत वाचू नका. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, हवा तेवढाच भाग वाचून थांबा.

१. मी थकले आहे हे मला कळतंच की. मग मोजायचं कशाला?

कारण या आजारात श्रमांचा फटका उशिरा बसतो. कष्ट झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांनी लक्षणं उसळतात आणि काही दिवस, कधी काही आठवडे टिकतात. याला श्रमोत्तर अस्वास्थ्य म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात त्याचं नाव ‘क्रॅश’. बुधवारी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सोमवारी आवरलेलं कपाट आठवत नाही. वहीत ते सापडतं.

शिवाय आठवणीवर विसंबता येत नाही. आज वाईट दिवस असेल तर ‘महिनाभर हेच चाललंय’ असं वाटतं, आज बरं असेल तर मागचा आठवडा पुसला जातो. दवाखान्यात पोहोचण्याइतकी ताकद ज्या दिवशी असते तो बहुधा बरा दिवस असतो, त्यामुळे डॉक्टरांना कायम त्याच दिवसाचं चित्र दिसतं.

२. थकवा, पेंग, मरगळ, सगळं एकच ना?

नाही, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. तीन गोष्टी वेगळ्या धरा.

शीण म्हणजे अंगातली ताकद संपणं: हातपाय गळणं, केस विंचरायला हात वर न उचलणं. पेंग म्हणजे झोपेची ओढ: पापण्या जड होणं, जांभया, बसल्या जागी डुलकी. तिसरं डोकं: शब्द न सापडणं, दुधाचा हिशेब दोनदा करूनही न जुळणं, समोरचा काय म्हणाला ते पकडता न येणं.

एमई/सीएफएसमध्ये ० ते १० च्या पट्टीवर शीण ८ आणि पेंग १ असे दिवस सर्रास येतात. शरीर पार संपलेलं, पण डोळा लागत नाही. एकाच ‘थकवा’ या रकान्यात हे लिहिलं की माहिती हरवते. पेंग सतत जास्त असेल तर झोपेत श्वास अडखळणं, औषधांचा परिणाम किंवा अपुरी झोप तपासावी लागते. शीण जास्त असेल तर वाट वेगळी.

शब्दांबद्दल आणखी एक. मराठीत आपण दमल्यावरही ‘कंटाळा आलाय’ म्हणतो. डॉक्टर त्याचा अर्थ ‘कशात मन लागत नाही’ असा घेतात आणि विचारपूस नैराश्याकडे वळते. ‘विकनेस’ म्हटलं की टॉनिक लिहून मिळतं. म्हणून काय करता आलं नाही ते सांगा: ‘जिना चढले, त्यानंतर दोन तास उठता आलं नाही.’

३. सुरुवात करायला किमान काय लागतं?

शंभरपानी वही, पेन, दिवसाला मिळून दोन-तीन मिनिटं. रकाने असे आखा: तारीख, शीण, पेंग, डोकं (तिन्हींना ० ते १०), पाय जमिनीवर असलेले तास, आणि दिवसातलं सगळ्यात जड काम एका ओळीत.

‘पाय जमिनीवर असलेले तास’ म्हणजे उभं राहणं, चालणं आणि खुर्चीवर पाय खाली सोडून बसणं यांची बेरीज. पाय वर घेऊन टेकून बसलेला किंवा आडवा वेळ यात धरायचा नाही. अंदाज अर्ध्या तासापर्यंत पुरे. सगळे रकाने सोडून एकच ठेवायचा झाला तर हा ठेवा. यात भावनेला फारसा वाव नसतो आणि आजाराची तीव्रता तो चांगली दाखवतो.

जड काम शारीरिकच असेल असं नाही. तासभराचा फोन, घरातली वादावादी, पाहुण्यांसोबत बसून बोलणं, ऑनलाइन अर्ज भरणं, सगळं लिहायचं. घरी सत्यनारायण होता आणि ‘मी तर नुसतीच बसले होते’ असं असलं तरी लिहायचं.

४. माझा ‘पाच’ रोज बदलतो. कालचा पाच आणि आजचा पाच एकच कसा ठेवायचा?

आकड्यांना कामांचे खिळे ठोका. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःची मोजपट्टी लिहा आणि निदान तीन महिने ती बदलू नका. नमुना म्हणून शिणाची एक पट्टी:

० – शीण जाणवत नाही.
२ – अंघोळ करून लगेच दुसऱ्या कामाला लागता येतं.
४ – अंघोळीनंतर १५ मिनिटं टेकावं लागतं.
६ – स्टुलावर बसूनच अंघोळ, नंतर तासभर आडवं.
८ – अंघोळ नाही, फक्त तोंड धुणं.
१० – कूस बदलायलाही मदत.

डोक्यासाठी वाचनाची पट्टी बरी पडते: पूर्ण बातमी वाचून समजते, फक्त मथळे समजतात, मेसेजही दोनदा वाचावा लागतो, बोललेलं कळत नाही. पेंगेसाठी तयार मोजपट्टी आहे. १९९० मधली कॅरोलिन्स्का झोपाळूपणा मोजपट्टी १ ते ९ अशी आहे. १ म्हणजे अगदी टक्क जागं, ५ म्हणजे ना जागं ना झोपाळू, ७ म्हणजे झोप येतेय पण जागं राहायला जोर लावावा लागत नाही, ९ म्हणजे झोपेशी झगडा. ती वापरायची ठरवली तर तशीच वापरा, तिचा ० ते १० करू नका.

मोजपट्टी बनवताना १० आणि ० यांना फार सैल सोडू नका. ‘१० म्हणजे कल्पनेपलीकडचा थकवा’ असं लिहिलं की सगळे आकडे ७ ते ८ मध्ये दाटतात आणि फरक दिसत नाही.

५. दिवसातून किती वेळा लिहू आणि कधी?

तीन वेळा झेपत असेल तर सकाळी उठल्यानंतर तासाभराने, दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि रात्री आठला. उठल्या उठल्या नको, कारण झोपेची गुंगी निरोगी माणसातही अर्धा तास, कधी तासभर रेंगाळते आणि ‘पेंग’चा आकडा फुगतो. दुपारच्या वेळी सगळ्यांचीच जाग थोडी उतरते. ती घसरण तुमच्यात किती खोल आहे ते या नोंदीवरून कळतं.

तीन वेळा जमत नसेल तर रात्री एकदाच, पण रोज त्याच वेळी. ‘आठवेल तेव्हा’ लिहिलेल्या नोंदी फसव्या असतात, कारण वाईट वाटतं तेव्हाच वही आठवते.

६. डॉक्टरांनी प्रश्नावली दिली. एपवर्थ, फटीग सिव्हेरिटी, चाल्डर यांत फरक काय?

एपवर्थ पेंग मोजते, बाकीच्या दोन थकवा.

एपवर्थ १९९१ साली मेलबर्नमध्ये मरे जॉन्स यांनी बनवली. आठ प्रसंग आहेत: वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासी म्हणून तासभर गाडीत बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३, बेरीज ० ते २४. १० च्या वर गेली तर झोपाळूपणा जास्त. एखादा प्रसंग तुमच्या आयुष्यात नसेल तरी रिकामा सोडायचा नाही. ‘असतो तर काय झालं असतं’ असा अंदाज करायचा. घरी गाडी नसेल तर एसटीतला तास डोळ्यांपुढे आणा.

फटीग सिव्हेरिटी स्केल १९८९ ची आहे. नऊ विधानं, प्रत्येकाला १ ते ७, मग सरासरी. ४ किंवा जास्त म्हणजे थकवा लक्षणीय. अडचण अशी की एमई/सीएफएसमध्ये अनेकांची सरासरी आधीच ६ च्या वर असते. प्रकृती आणखी ढासळली तरी आकड्याला वर जायला जागा उरत नाही. पहिल्या भेटीत उपयोगी, महिन्यागणिक बदल बघायला कमकुवत.

चाल्डर १९९३ ची, अकरा प्रश्नांची. बेरीज ०–३३ किंवा ०–११ अशा दोन रीतींनी करतात, त्यामुळे नुसता ‘९’ सांगू नका, रीतही सांगा. उत्तरं ‘नेहमीपेक्षा जास्त’, ‘नेहमीइतकंच’ अशी आहेत. दहा वर्षं आजारी असलेल्याचं ‘नेहमी’ म्हणजे आजारपणच. शेवटचे ठणठणीत होता त्या काळाशी तुलना करायची असते, पण फॉर्म भरताना ते निसटतं आणि गंभीर रुग्णाचे गुण खोटे कमी येतात.

७. माझे एपवर्थचे गुण फक्त ५ आले. म्हणजे मला थकवा नाही?

तुम्हाला पेंग फारशी नाही, इतकंच. थकव्याबद्दल हा आकडा मुका आहे. उलट शीण खूप आणि एपवर्थ कमी, हे चित्र एमई/सीएफएसशी सुसंगत आहे. कागदावर दोन्ही आकडे शेजारी लिहून न्या.

गुण १५–१६ आले आणि घरचे घोरण्याबद्दल बोलत असतील, तर झोपेची तपासणी आधी मागा. एमई/सीएफएस असलेल्यालाही झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत.

८. जाग, म्हणजे सावधपणा, घरच्या घरी मोजता येतो का?

बऱ्यापैकी येतो. प्रयोगशाळेत यासाठी सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट वापरतात. पडद्यावर खूण उमटली की बटण दाबायचं. दोन खुणांमधलं अंतर २ ते १० सेकंदांत कसंही बदलतं, त्यामुळे ताल धरता येत नाही. मूळ चाचणी १० मिनिटांची. ५०० मिलिसेकंदांहून उशिरा दाबलं तर तो ‘लॅप्स’, म्हणजे चुकलेली जाग. खूण दिसायच्या आधीच दाबलं तर ती घाई.

दहा मिनिटं टक लावून बसणं हेच अनेकांना क्रॅशकडे नेतं. म्हणून फोनवरच्या ॲपमधली ३ मिनिटांची आवृत्ती घ्या. तिच्यात लॅप्सची रेघ ३५५ मिलिसेकंदांवर असते, ५०० वर नाही. दोन आवृत्त्यांचे लॅप्स एकमेकांशी ताडू नका.

निकालातून तीन गोष्टी उतरवा: मधला आकडा (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मध्ये येणारा), लॅप्स किती, आणि पहिल्या मिनिटापेक्षा शेवटचं मिनिट किती मंद. सरासरी टाळा, कारण एकदा शिंक आली तरी ती बिघडते. आमच्या मते तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी. पहिल्या मिनिटात जोर लावून कुणीही चांगला आकडा काढतो. तिसऱ्या मिनिटात ते सोंग टिकत नाही.

आठवड्यातून दोनदा पुरे. क्रॅश चालू असताना करू नका, त्या दिवशी ‘केली नाही’ एवढीच नोंद ठेवा.

९. ॲप नको आहे. दुसरा काही उपाय?

३० सेंटिमीटरची साधी पट्टी. मदतनिसाने पट्टी वरच्या टोकाला उभी धरायची, शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये. बोटं पट्टीला न लावता दोन सेंटिमीटर उघडी. त्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची, अंगठ्याच्या वरच्या कडेचा आकडा वाचायचा. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १७५ मिलिसेकंद, २० म्हणजे २०२, २५ म्हणजे २२६, ३० म्हणजे २४७. पट्टी हातातून सुटली तर ‘३०+’ लिहा.

पहिले दोन प्रयत्न सोडून द्या, पुढच्या सातांमधला मधला आकडा घ्या. मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेलं हवं, नाहीतर हात खाली नेऊन पकडण्याची चूक होते. हा खेळ काही सेकंदांचा असल्याने तो झटपट प्रतिसाद दाखवतो, टिकून राहणारी जाग नाही. त्यासाठी प्रश्न ८ मधलीच चाचणी हवी.

१०. प्रश्न ८ मधल्या चाचणीत माझ्या फोनवर ३४० मिलिसेकंद येतात आणि बहिणीच्या फोनवर २८०. खरं कोणतं?

दोन्ही आपापल्या जागी. पडदा उजळायला आणि स्पर्श ओळखायला प्रत्येक फोन वेगळा वेळ घेतो आणि तो वेळ तुमच्या आकड्यात मिसळतो. एकच फोन, एकच बोट, एकच बसण्याची रीत ठेवा. बॅटरी बचत बंद ठेवा, स्क्रीनगार्ड बदलला तर वहीत लिहा. फोन बदलला की जुनी मालिका संपली, नवी सुरू. बहिणीशी तुलना तर नकोच.

११. मनगटावरचं घड्याळ रोज ऊर्जेचा टक्का दाखवतं. त्यावर चालू का?

त्या टक्क्यावर नको. तो हिशेब मुख्यतः निरोगी, व्यायाम करणाऱ्या लोकांसाठी बांधलेला असतो. आडवं पडलात की घड्याळ ‘चार्जिंग’ दाखवत राहतं आणि तुम्ही तसेच गळालेले. झोपेचे तासही जपून वाचा. निश्चल पडलेल्या जाग्या माणसाला घड्याळ झोपलेला समजतं, आणि या आजारात तसं तासन्‌तास पडून राहणं नेहमीचंच. पावलांतही गंमत आहे: पोळ्या लाटताना पावलं वाढतात, कठडा धरून जिना चढताना ती मोजलीच जात नाहीत.

घड्याळातून विश्रांतीतली नाडी आणि एकूण पावलांचा आठवड्याचा कल घ्या. बाकीचं बघितलं नाही तरी चालेल.

१२. नाडी मोजून थकवा आधीच ओळखता येतो का?

काही जणांना येतो. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून न उठता, पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. सात दिवसांची सरासरी ही तुमची पायारेघ. पुढे एखाद्या सकाळी नाडी तिच्याहून बरीच वर दिसली, तर त्या दिवसाची कामं निम्मी करा. ताप, अपुरी झोप, पाणी कमी पिणं यांनीही ती वाढते, तेवढं आधी तपासा.

दिवसभरासाठी अनेक जण विश्रांतीतली नाडी अधिक १५ ही मर्यादा पाळतात. ७२ असेल तर ८७. त्याच्या वर गेली की हातातलं काम ठेवून बसायचं. मर्यादा इतकी खाली का? या आजारात प्राणवायू वापरून बनणारी ऊर्जा शरीराला अपुरी पडू लागते तो टप्पा लवकर येतो, आणि त्यापलीकडचा प्रत्येक मिनिट पुढे वसूल होतो. हा अंगठेनियम आहे, औषधाचा डोस नव्हे. बीटा ब्लॉकर किंवा आयव्हाब्रॅडिन घेत असाल तर नाडी दाबलेली राहते आणि हा हिशेब लागू पडत नाही. आणि नुसतं उभं राहताच मर्यादा ओलांडली जात असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१३. झोपून असले की डोकं ठीक चालतं, ओट्यापाशी उभी राहिले की बंद पडतं. हा थकवाच का?

ही उभं राहणं न सोसण्याची तक्रार असू शकते, आणि ती वेगळी मोजावी लागते. त्यासाठी भिंतीला टेकून उभं राहण्याची १० मिनिटांची चाचणी आहे. शक्यतो डॉक्टरांकडेच करा. घरी करायची तर सोबत धडधाकट माणूस आणि शेजारी पलंग हवाच.

१० मिनिटं शांत आडवं पडा, शेवटी रक्तदाब आणि नाडी दोनदा मोजा. मग उभं राहा: टाचा भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे, खांद्याचे फरे भिंतीला. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. दर मिनिटाला रक्तदाब, नाडी आणि एक शब्द लक्षणाचा. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबून आडवं व्हा. अर्धवट चाचणीची नोंदही कामाची असते.

प्रौढांत रक्तदाब न पडता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून टिकून राहिली, १२ ते १९ वयात ४० ने, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा, विचार करतात. वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने पडला तर तो उभ्या स्थितीतला रक्तदाब-पात. दोन्हींवर काही उपाय आहेत, म्हणून हे मोजून डॉक्टरांना दाखवणं फायद्याचं. नेहमीची औषधं चाचणीसाठी स्वतःहून बंद करू नका.

ओट्यापाशी त्रास होत असेल तर उंच स्टुलावर बसून आठवडाभर नोंद करा. ‘डोकं’चा आकडा उतरला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

१४. दोन आठवड्यांची वही भरली. आता तिच्यात काय शोधू?

आधी ताळमेळ उशिराने लावा. आजच्या कामाची तुलना आजच्या शिणाशी केली तर उलटंच दिसेल: बऱ्या दिवशी माणूस जास्त काम करतो, म्हणून ‘काम केलं की बरं वाटतं’ असा निष्कर्ष निघतो. कित्येक जण या सापळ्यात अडकून हालचाल वाढवतात.

कामाचे, म्हणजे ‘पाय जमिनीवर’चे, तास एका कागदाच्या पट्टीवर दिवसांप्रमाणे उतरवा, शिणाचे आकडे दुसरीवर. कामाची पट्टी एक दिवस पुढे सरकवून बघा, मग दोन, मग तीन. कोणत्या जागी मोठ्या कामासमोर मोठा शीण येतो ते डोळ्यांना दिसतं. संगणकावर करत असाल तर कामाचा रकाना दोन ओळी खाली चिकटवा. अनेकांचा उशीर, म्हणजे काम आणि क्रॅश यांतलं अंतर, साधारण ठरावीक असतो; तुमचा एक दिवसाचा की दोनाचा, हे कळणं ही या वहीची खरी कमाई. एकाच क्रॅशवरून ठरवू नका, निदान तीन जुळू द्या.

मग क्रॅश न आलेल्या दिवसांतले सर्वाधिक ‘पाय जमिनीवर’ तास बघा. त्याच्या तीन-चतुर्थांशाइतकी रोजची मर्यादा ठेवून पुढचे दोन आठवडे काढा. चार तास असतील तर तीन.

१५. चहा, उपवास, पाळी यांनी आकडे बिघडतात का?

हो. कॅफीन अर्धं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणून जागेची चाचणी पहिल्या चहाच्या आधी तरी करा किंवा नेहमी चहानंतर एका तासाने. रोज एकच रीत. कॅफीन पेंग झाकतं, शीण भरून काढत नाही, त्यामुळे चहावर ओढलेल्या दिवशी पेंग २ आणि दोन दिवसांनी शीण ९ असं दिसू शकतं. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही पेंग राहते. एकादशी, चतुर्थी, पाळीचे दिवस आणि मे महिन्यातला उकाडा समासात एकेका अक्षराने नोंदवा. दिवाळीचा फराळ आणि लग्नसराई यांना वेगळं अक्षर लागत नाही, ते आकड्यांत दिसतातच.

१६. मोजण्यानेच मी दमतो. काय करू?

कमी मोजा. वहीला दिवसाला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर वहीही कामाच्या रकान्यात जायला हवी.

तीव्र आजारी, अंथरुणातच असलेल्यांसाठी आकडे सोडून द्या. एकच हो-नाहीचा प्रश्न निवडा: ‘आज बसून जेवण झालं का?’ कॅलेंडरवर फुली किंवा टिंब. नोंद घरच्यांनी करावी, रुग्णाला न विचारता, दिसेल तसं. दुसरा सोपा प्रकार दोन वाट्या आणि चिंचोके: सकाळी ठरलेले, समजा सहा, एका वाटीत, प्रत्येक जड कामाला एक दुसरीत. वाटी रिकामी झाली की दिवस संपला.

१७. सगळे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग ही वही डॉक्टर मानतील का?

एमई/सीएफएस सिद्ध करणारी एक रक्तचाचणी नाही. निदान लक्षणांवर होतं: २०१५ च्या अमेरिकी निकषांप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त काळ कार्यक्षमता लक्षणीय घटलेली, श्रमोत्तर अस्वास्थ्य, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहणं न सोसणं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी१२, साखर, मूत्रपिंड-यकृत या तपासण्या दुसरी कारणं वगळायला करतात; राहिल्या असतील तर आधी त्या करा.

वही घेऊन जाऊ नका, एक पान न्या. ओपीडीत मिळणाऱ्या मिनिटांत कुणी वही वाचत नाही. पानावर: आजारापूर्वी काय करत होतात ती एक ओळ, आता पाय जमिनीवर किती तास, दोन क्रॅशच्या तारखा व त्याआधीचं काम, एपवर्थ आणि शीण शेजारी शेजारी, उभं राहण्याच्या चाचणीचे आकडे. संध्याकाळी थोडा-थोडा ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, चालताना धाप असं काही असेल तर ते सगळ्यात वर आणि लाल शाईने. अशा वेळी वही भरत वाट बघत बसू नका.

१८. गेले तीन आठवडे आकडे छान आहेत. आता रोज थोडं चालणं वाढवू?

ठरलेल्या टक्क्याने दर आठवड्याला वाढवू नका. लक्षणांकडे न बघता व्यायाम चढवत नेण्याची पद्धत एमई/सीएफएससाठी देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे.

आकडे चांगले येण्याचं कारण बहुधा हेच असतं की तुम्ही मर्यादेत राहिलात. काही वाढवायचंच तर एकच गोष्ट, पाच मिनिटांची, आणि मग तुमच्या उशिराच्या (प्रश्न १४) दुप्पट दिवस थांबून नोंद बघा. उशीर दोन दिवसांचा असेल तर चार दिवस. शीण एका आकड्यानेही टिकून वाढला तर मागे या.

१९. चाचणीत आकडा चांगला आला. स्कूटर चालवू शकते ना?

तीन मिनिटांची चाचणी वाहतुकीतल्या चाळीस मिनिटांची हमी देत नाही. प्रश्न ८ मधला शेवटचा मिनिट मंदावत असेल, किंवा त्या दिवशी ‘डोकं’ ५ च्या वर असेल, तर रिक्षा करा. पेंग शून्य असली तरी. सिग्नल उशिरा कळायला झोप यावीच लागते असं नाही. परतीचा प्रवासही मोजा, कारण जाताना ३ असलेला आकडा बाजार करून येताना ७ झालेला असतो.

२०. झोपेच्या प्रयोगशाळेत दिवसा झोपवून तपासतात ती चाचणी करू का? आणि दोन दिवसांची सायकल चाचणी?

दिवसाची चाचणी म्हणजे दर दोन तासांनी चार-पाच वेळा झोपायची संधी देऊन झोप किती मिनिटांत लागते ते बघणं. सरासरी ८ मिनिटं किंवा कमी आली तर झोपाळूपणा खरा. एपवर्थ जास्त आणि रात्रीच्या तपासणीत कारण सापडलं नाही, अशा वेळी तिचा उपयोग. फक्त शीण असेल तर पैसे जातील.

दोन दिवस लागोपाठ सायकल चालवून श्वास मोजण्याची चाचणी दुसऱ्या दिवशीची घसरण पकडते, हे खरं. पण ती मुद्दाम क्रॅश घडवूनच पकडते. कोर्टकचेरी, विमा किंवा नोकरीसाठी कागद हवा असेल आणि आजार सौम्य असेल तरच डॉक्टरांशी बोलून विचार करा. नुसत्या कुतूहलासाठी नाही.

२१. घरचे म्हणतात, ‘रोज लिहून लिहूनच आजार डोक्यात बसलाय.’

त्यांना वही वाचायला देऊ नका, वाद वाढतो. प्रश्न १४ मधल्या दोन पट्ट्या त्यांच्याच हातात द्या आणि त्यांनाच सरकवायला सांगा. आणि तुमचा उशीर कळला, मर्यादा ठरली, की रोजची नोंद थांबवायला हरकत नाही. त्यानंतर दर तीन महिन्यांनी दोन आठवडे लिहिलं तरी पुरतं. मधे औषध बदललं, ताप येऊन गेला किंवा घर बदललं तर पुन्हा दोन आठवडे.